पाठकोरी कार्डं

३ जून

प्रिय छोट्या,

सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणायचं म्हणजे जरा अतीच, पण तुझ्यासाठी दुसरी हाक मला येत नाही. एकोणीस वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. बाबा आहेत. शहाऐंशीचे झाले, दोन्ही वेळा जेवतात आणि मी केलेल्या प्रत्येक कामात चूक काढतात, म्हणजे ठणठणीत आहेत.

हे पत्र मी कामाच्या खोलीत उभ्यानेच लिहायला घेतलं होतं. मग स्टूल ओढून बसले. सकाळी जे सापडलं ते अजून समोर टेबलावर आहे, आणि त्यावर मी पुस्तक उपडं घालून ठेवलंय. कोण येणार आहे बघायला? पण ठेवलंय खरं.

संस्थेने बाबांच्या हिब्रू कोशाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलंय. पाचही भाग एका पुस्तकात. त्यासाठी छापलेला मजकूर पुन्हा मूळ कार्डांशी ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण खोक्यांची भाषा आता या घरात मला एकटीलाच कळते. आज ‘नाटा’ची पाळी होती. ‘नाटा’, लावणे. तुझं लाडकं क्रियापद. बायबलात ते जिथे जिथे येतं त्या प्रत्येक जागेचं एक कार्ड, सगळी तुझ्या अक्षरात. देवाने एदेनात बाग लावली. नोहाने द्राक्षमळा लावला. अब्राहामाने विहिरीपाशी झाड लावलं. मग ती तुझी चमत्कारिक कार्डं: राजाने तंबू रोवले, शहाण्यांचे शब्द म्हणजे घट्ट बसवलेले खिळे, देव आकाशच लावतो. झाडापासून आकाशापर्यंत एकच क्रियापद कसं जातं हे तू मला चहा गार होईपर्यंत सांगायचास. एकदा आत रुतलं की तिथलंच होऊन जायचं, असं काही असलं की ‘नाटा’, असं तुझं म्हणणं. एका जागचं उपटून दुसरीकडे नेऊन लावायचं तर शब्द वेगळा, ‘शातल’. मला यातलं निम्मं कळायचं. पण तू सांगायचास ते छान सांगायचास.

तर कार्डं मोजताना एक हातातून पडलं आणि उलटं पडलं. आपली कार्डं सगळी पाठकोरी, हे तुला सांगायला नको. परीक्षेचे जुने पेपर, छापखान्यातली रद्द प्रुफं, सभेच्या नोटिसा. एक बाजू कोरी असली की कागद टाकायचा नाही, चार तुकडे करून कार्डं करायची, हा बाबांचा नियम. त्यामुळे मागच्या बाजूला काय वाट्टेल ते असतं आणि आपण कोणी कधी बघत नाही. आज मी बघितलं. मागे बाबांचं नाव होतं. नाव आणि वय.

मी सगळी कार्डं उलटी केली. आणखी दोन सापडली. एकमेकांना लावून ठेवली तर कडा बरोबर जुळल्या. छोट्या, तो कानांच्या तपासणीचा कागद आहे. दोन्ही कानांचे आलेख, दोन्ही खाली खाली जाणारे, आणि बाजूला डॉक्टरांचं अक्षर: समोरच्याचं साधं बोलणं ऐकू येण्याची शक्यता नाही. तारीख बारा जानेवारी. ‘नाटा’चा भाग छापायला गेला त्याच वर्षीची. प्रुफं कार्डांशी ताडायचं तुमचं वाचन नोव्हेंबरात झालं.

म्हणजे तू दहा-दहा तास कार्डं मोठ्याने वाचत होतास, समोर बाबा प्रुफावर आणि वाचून झालेल्या कार्डावर लाल पेन्सिलीने ‘बरोबर’च्या खुणा करत होते, आणि त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं! छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ‘नाटा’च्या नोंदीतल्या दोन परिच्छेदांची अदलाबदल केली होती. तू बरोबरच वाचलंस. ते नुसते तुझे ओठ हलताना बघून खूण करत गेले. मला तर घामच फुटला. एकोणीस वर्षं आपण काय समजून चाललो होतो?

कागदाचा चौथा तुकडा सापडत नाही. खालचा, उजवीकडचा. डॉक्टरांची सही त्यावर असणार, आणि सहीशिवाय कागद म्हणजे नुसतं चिटोरं. ‘नाटा’चं एकच कार्ड खोक्यात कमी आहे, स्तोत्रसंहितेतलं, ज्यात देव कान लावतो ते. भांडण होऊन तू घर सोडलंस त्या दिवशी जाताना खोक्यातून एक कार्ड उचलून खिशात टाकलंस, मी पाहिलं होतं. तेच का ते? तुझ्याकडे अजून आहे का? मागे काय आहे ते कधी पाहिलंस का?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मजकूर छापखान्यात जायचाय. जुनं शुद्धिपत्र नव्या प्रस्तावनेत जसंच्या तसं घ्यायचं असं संस्थेने सांगितलंय. त्या शुद्धिपत्रात काय आहे ते तुला पाठच असेल. तेव्हा लवकर कळव.

तुझी ताई


१५ जून

छोट्या,

उत्तर नाही. नसू दे. पत्ता बरोबर आहे हे मला माहीत आहे. छापखानेवाल्या काकांची मुलगी तुझ्याकडे गाडी शिकून गेली. म्हणाली, सर फार शांत आहेत, गाडी खांबावर घातली तरी ओरडत नाहीत. मी हसले आणि मग कितीतरी वेळ तोंड धुवत बसले. हिब्रूच्या माणसाने क्लच आणि ब्रेक शिकवायचा!

शुद्धिपत्राची एक प्रत या पत्रासोबत पाठवणार होते, पण हिंमत झाली नाही. ओळ मात्र लिहिते, कारण लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता यायचं नाही. “प्रस्तुत भागातील दोष वाचनसहायकाने कार्डे न वाचता पुढे ढकलल्यामुळे राहिले आहेत.” आणि पुढे तुझं नाव. सहाशे प्रतींत चिकटवलेलं. कॉलेजात तुझी नेमणूक जवळजवळ पक्की होती, आणि तिथल्या प्रमुखांच्या टेबलावरही एक प्रत गेली. पुढचं तुला माहीत आहे.

प्रकाशनाच्या समारंभातले ते पाहुणे मला अजून दिसतात. चष्मा पुसून उभे राहिले आणि म्हणाले, “या कोशाप्रमाणे नोहाने द्राक्षमळा हातोडीने ठोकला आणि शहाण्या माणसांनी खिळ्यांना पाणी घातलं.” सगळं सभागृह हसलं. बाबासुद्धा हसले! लोक हसताना दिसले म्हणून हसले. आता कळतंय. तेव्हा मला वाटलं होतं, काय मोठं मन आहे या माणसाचं. घरी येऊन पान उघडून वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

परवा मी ते तीन तुकडे बाबांना दाखवले. हल्ली आमचं बोलणं पाटीवर चालतं. मी खडूने लिहिते, ते ओरडून उत्तर देतात, शेजारच्यांना आमच्या घरातली कुठलीच गोष्ट विचारावी लागत नाही. मी पाटीवर लिहिलं, “हे काय आहे?” आणि तुकडे ताटाशेजारी मांडले. त्यांनी चष्मा लावला, एक-एक तुकडा उचलून दोन्हीकडून पाहिला. पुढच्या बाजूची तुझी अक्षरं पाहून म्हणाले, “अक्षर चांगलं होतं हो त्याचं.” मग माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलले आणि जेवायला लागले.

ते वाक्य मी पुढच्या पत्रात लिहीन.

नाही, असं म्हणून लिहायचं राहून जाईल. पण आज नाही लिहिता येत. माझं जाऊ दे. तू कार्डाचं बघ. आहे का तुझ्याकडे? नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल. मी चिडणार नाही, रडणार नाही, आणि मोठ्या बहिणीसारखा उपदेश तर मुळीच करणार नाही. तेवढं पुण्य माझ्या गाठीला उरलेलं नाही.

ताई


२८ जून

छोट्या,

कार्ड मिळालं.

पाकिटावर ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्का, आत एकच कार्ड, चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. फाडून उकललं. आत काही नव्हतं.

एका बाजूला तुझं अक्षर: ज्याने कान लावला, तो ऐकणार नाही काय? त्याखाली तू आपली टीप लिहिलीस की इथे कान एखाद्या रोपासारखा लावलेला आहे, कोशात हा अर्थ वेगळा द्यावा. कोपऱ्यात बाबांची लाल खूण. म्हणजे हे कार्डसुद्धा त्यांनी ‘ऐकलं’.

आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची सही, आणि सहीखाली छापलेली ओळ: सोबत आलेल्या नातेवाइकास परिणाम समजावून सांगितला. नातं, मुलगी. सही माझी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच दोनदा पत्र लिहून मागवून घेतलं. खरं सांगू? पुराव्यासाठी नव्हतंच मागवलं. त्या तुकड्यावर काय आहे हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. तू ते पाहिलंयस का, एवढंच मला हवं होतं. नाही म्हणाला असतास तर मी बाबांच्या माथी सगळं घालून मोकळी झाले असते, पहिल्या पत्रात घातलंच होतं. “आपण काय समजून चाललो होतो” म्हणे! आपण कोण? मला सगळं माहीत होतं. त्या पत्रात मला फुटलेला घाम मात्र खरा होता. तो चोराचा घाम होता.

आता बाबांचं ते वाक्य. ते म्हणाले, “हे तुला फाडून टाकायला सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. बारा जानेवारीला दवाखान्यातून परत येताना फाटकापाशी सांगितलं. संस्थेला कळलं तर बावीस वर्षांचं काम काढून घेतील, दुसऱ्याला देतील, कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही. मी हो म्हटलं. घरी येऊन फाडायला कागद हातात घेतला, तर मागची बाजू कोरी! अकरा वर्षं मी दर शनिवारी पाठकोरे कागद कापत होते. कोरा कागद फाडायला माझा हातच धजला नाही. मी तो नेहमीच्या गठ्ठ्यात घातला आणि चार तुकडे केले. डोळ्यासमोर नसला की झालं, असं वाटलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात तो कागद चुलीत गेला असता. आपल्या घरात त्यावर देवाचं वचन लिहिलं गेलं, आणि ते लिहायला तुझ्याच हातात आला.

हे सगळं काल पाकीट उघडल्यावर पाच मिनिटांत डोळ्यांपुढून गेलं. अपराध कबूल करायची मनाची तयारीही होत आली होती. मग कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीतली तारीख दिसली.

कार्ड हाताळलं की कोपऱ्यात तारीख घालायची, ही आपली पद्धत. अंगवळणी पडलेली. तू पण घातलीस. नऊ मार्च, वाचनाच्या पुढच्या वर्षीची.

दहा मार्चला भांडण झालं, छोट्या!

नऊला तू हे कार्ड उलटून वाचलंस. दहाला सकाळी बाबा तुझ्यावर ओरडत होते, तू वाचलंच नाहीस, तू पानं ढकललीस, आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की तुम्हाला ऐकू येत नाही. तू माझ्याकडे वळलास. “ताई, तू शेजारच्या टेबलावर होतीस. तू सांग, मी वाचत होतो की नाही.” आणि मी म्हणाले, “माझं लक्ष नव्हतं.”

तीनच शब्द. कान होते, दोन्ही धड होते. तुझं प्रत्येक कार्ड मी ऐकलं होतं, इतकं की नोहाचा द्राक्षमळा झोपेतसुद्धा यायचा. आणि मी कानांवर हात ठेवले.

माझी सही तुझ्याकडे होती आणि तरी तू मला विचारलंस. माझ्या तोंडून यावं म्हणून विचारलंस. नंतर तू खोक्याकडे गेलास आणि एक कार्ड उचलल्यासारखं केलंस. मी एकोणीस वर्षं समजत होते की तू आठवण म्हणून नेलंस. ते तू पुन्हा खोक्यात ठेवायला खिशातून काढलं होतंस का? आणि माझं उत्तर आठवून परत खिशात टाकलंस? एवढं तरी सांग. नको सांगूस. मला कळलंय.

बाबांसाठी गप्प बसले, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं पण लिहिते, म्हणजे सगळं एकदाच होऊन जाईल. त्याच आठवड्यात बाबांनी ठरवलं होतं की पुढच्या भागापासून मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली तुझं नाव येणार. मी अकरा वर्षं कागद कापले, टंकलेखन केलं, खोकी झाडली, आणि माझं नाव आभाराच्या ओळीतसुद्धा नव्हतं. “माझं लक्ष नव्हतं” म्हटल्यावर तुझा चेहरा पडला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

ते शुद्धिपत्र मीच टाइप केलं. बाबांनी सांगितलेल्या मजकुरात फक्त “सहायक” होतं. नाव मी घातलं.

ताई


२ जुलै

छोट्या,

काल संस्थेत जाऊन आले. म्हटलं, जुनं शुद्धिपत्र जाणार नाही, त्या जागी नवं जाईल. संचालक म्हणाले, “आता एवढ्या वर्षांनी कशाला, बाई? कोणाला आठवतंय?” मी म्हटलं, “ज्याचं नाव आहे त्याला आठवतंय.” मग कार्डं चारही टेबलावर उलटी मांडली. त्यांनी तोंडात बोट घातलं. माझी सही वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवायचा विचार सोडून दिला. पण हो म्हणाले. मजकूर शुक्रवारपर्यंत द्या म्हणाले.

घरी येऊन पाटीवर बाबांना सगळं लिहून दाखवलं. पाटी तीन वेळा पुसावी लागली. मला वाटलं आता ओरडतील. तर हळू आवाजात म्हणाले, “त्याला सांग, मला त्याचा आवाज शेवटचा कुठला ऐकू आला ते आठवत नाही.” इतक्या हळू बोलले की कसंतरीच झालं. त्यांना स्वतःला ते ऐकूही आलं नसेल.

नवं शुद्धिपत्र असं आहे:

“पहिल्या आवृत्तीतील दोषांबद्दल वाचनसहायकास जबाबदार धरले होते. ते खोटे होते. वाचणाऱ्याने प्रत्येक कार्ड वाचले. ऐकणाऱ्यास ऐकू येत नव्हते. हे ऐकणाऱ्यास ठाऊक होते आणि त्याच्या मुलीस ठाऊक होते. ती त्याच खोलीत बसून सर्व ऐकत होती.” खाली माझं नाव. कोशात ते पहिल्यांदाच येतंय, तर असं येतंय.

आता एक अडचण आहे. या घरातून कुठलाही मजकूर एकाने मोठ्याने वाचल्याशिवाय आणि दुसऱ्याने ऐकून लाल खूण केल्याशिवाय छापखान्यात गेलेला नाही. बाबांना वाचून दाखवण्यात अर्थ नाही, तो प्रयोग एकदा झाला. संचालक म्हणाले, मी ऐकतो. मी नको म्हटलं.

गुरुवारी ये. जेवायला थांब असं म्हणत नाही, बाबांशी बोल असंही म्हणत नाही. पाटी आहे, वाटलं तर लिही. माझ्याशी तर बोलूच नकोस. मी वाचेन, तू ऐक. एखादा शब्द मी गिळला असं वाटलं, कुठे स्वतःला वाचवून घेतलं असं वाटलं, तर खूण करू नकोस, मी पुन्हा लिहीन. तू आला नाहीस तर शुक्रवारी मी मजकूर देणार नाही. कोश राहील तसाच खोक्यात, मी संस्थेला तसं सांगूनच आले आहे.

कान लावलेलं ते कार्ड मी अजून खोक्यात घातलेलं नाही. तुझं आहे, तू घाल. लाल पेन्सिल टोक करून तुझ्या जुन्या टेबलावर ठेवली आहे. गुरुवारी दहा वाजल्यापासून मी समोरच्या खुर्चीवर असेन.

ताई